बंब ते बॉयलर : वाफ, प्लेग आणि विरारची न्हाणीघरं

मराठीत 'बंब' नावाच्या दोन वस्तू आहेत. एक आग विझवायला घंटा वाजवत येतो तो. दुसरा आजीच्या न्हाणीघरात कोपऱ्यात उभा असायचा तो. तांब्याचा, पोटात निखारे घेऊन पाणी तापवणारा, खाली राखेची जाळी आणि बाजूला पितळी तोटी. एक आग विझवतो, दुसरा आग पोटात ठेवतो, तरी नाव एकच. कारण मूळ शब्द पोर्तुगीज : 'बोंबा', म्हणजे पंप.

आमच्या वसईवर पोर्तुगीजांचं राज्य 1534 ते 1739, म्हणजे तब्बल दोनशे पाच वर्षं. बादली आणि घमेलं हे शब्दही पोर्तुगीजांचेच. हे सगळे शब्द वसईच्या किल्ल्यातूनच मराठीत आले असा दावा मी करणार नाही. गोवा, चौल, दमण सगळीकडून आले असतील. पण न्हाणीघर घासायला घेतलं की हातातल्या निम्म्या वस्तूंची नावं लिस्बनहून आलेली असतात, ही गोष्ट मला भारी वाटते.

मी विरार पश्चिमेला राहतो, दिवसभर कोड लिहितो, आणि इतिहासाशी माझा अधिकृत संबंध दहावीला संपला. पण गेल्या दिवाळीआधी आमच्या घरी स्टीम क्लीनिंगवाला मुलगा आला. पाठीवर बॅग, हातात छोट्या व्हॅक्यूम क्लीनरसारखं यंत्र. त्याने गीझरच्या पंधरा-सोळा ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये प्लग लावला, चार-पाच मिनिटं थांबला आणि मग टाइल्समधल्या फटींवर वाफेचा झोत सोडला. आई दारात उभी राहून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "हा तर बंबच की रे, विजेवरचा." तेव्हापासून मी या वाफेच्या मागे लागलो आहे.

आधी वाफेचं विज्ञान उरकून घेऊ. मोदकपात्राचं झाकण घाईने उघडलेल्या कुणालाही ते अनुभवाने माहीत असतं. उकळत्या पाण्याचा चटका बसतो, पण वाफेचा चटका जास्त खोल जातो. दोघांचं तापमान 100 अंशच, मग फरक कशाचा? एक ग्रॅम पाणी 25 अंशांवरून 100 अंशांवर न्यायला 75 कॅलरी पुरतात. त्याच पाण्याची वाफ करायला वर आणखी 540 कॅलरी लागतात. ही उष्णता वाफेच्या पोटात दडून बसते, आणि वाफ एखाद्या थंड पृष्ठभागाला लागून परत पाणी झाली की तिथे एकदम बाहेर पडते. मोदकाची उकड शिजते ती यामुळेच, आणि चिमणीच्या जाळीवरचा दोन वर्षांचा तेलाचा चिकट थर सैल होतो तोही यामुळेच.

ही ताकद दाबाखाली कोंडायची कल्पना देनी पापँ या फ्रेंच माणसाची. 1679 मध्ये त्याने लंडनमध्ये रॉयल सोसायटीसमोर घट्ट झाकणाचं भांडं दाखवलं. त्यात हाडंसुद्धा मऊ शिजत. भांडं फुटू नये म्हणून त्याने वजनाची झडप बसवली. तुमच्या कुकरची शिट्टी त्याच झडपेच्या वंशातली. भारतात हॉकिन्स आणि प्रेस्टीज या दोन्ही कुकरांची सुरुवात 1959 सालची. मधल्या दोनशे ऐंशी वर्षांत हे भांडं स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत जाऊन आलं. 1879 मध्ये पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलाँ याने त्यापासून ऑटोक्लेव्ह बनवला, इस्पितळातली हत्यारं निर्जंतुक करणारा. कुकरमध्ये पूर्ण दाबावर तापमान 121 अंशांच्या आसपास जातं. इस्पितळातला ऑटोक्लेव्हही साधारण त्याच 121 अंशांवर चालवतात. म्हणजे तुमची डाळ आणि सर्जनची कात्री एकाच नियमाने तयार होतात.

1881 मध्ये बर्लिनला रॉबर्ट कोख आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गरम हवा आणि वाफ यांची तुलना केली. चिवट जंतूंचे बीजाणू मारायला कोरड्या हवेला 140 अंशांवर तीन तास लागत होते. 100 अंशांच्या वाफेने ते काम काही मिनिटांत होत होतं. या प्रयोगांनंतर युरोपातल्या बंदरांवर आणि इस्पितळांत वाफेची मोठी पिंपं आली. आजाऱ्यांचे कपडे आणि गाद्या त्यात घालून वाफवायच्या. 'घर निर्जंतुक करणं' ही कल्पना या काळातली. त्याआधी घर स्वच्छ असे, पवित्र असे, सारवलेलं असे, निर्जंतुक नसे.

मग 1896 उजाडलं.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या जांघेतली गाठ पाहिली आणि हा प्लेग आहे असं सांगितलं. शहराची वस्ती तेव्हा सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. पुढच्या काही महिन्यांत त्यातले जवळपास निम्मे लोक शहर सोडून गेले. बैलगाड्या, गलबतं आणि आगगाड्या, मिळेल त्या साधनाने. विरारहून मुंबईला गाडी 12 एप्रिल 1867 लाच सुरू झाली होती, त्यामुळे उत्तरेकडे पळणाऱ्यांच्या गाड्या आपल्याच स्टेशनांवरून जात होत्या. रोज सकाळी आपण ज्या लोहमार्गावरून लटकत शहरात जातो, त्याच मार्गावरून लोक शहरातून जीव घेऊन निघाले होते.

सरकारने साफसफाई काढली, आणि अशी काढली की साफसफाई या शब्दाचीच लोकांना धास्ती बसली. रस्त्यावर पंप उभे करून घरांच्या आत, भिंतींवर, छतापर्यंत कार्बोलिक ॲसिडचं आणि रसकापराच्या जातीच्या विषारी पाऱ्याचं पाणी मारलं गेलं. गटारं धुतली. भिंतींना चुना फासला. ऊन आत यावं म्हणून छपराची कौलं काढली. अंथरुणं जाळली. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर इंग्रजीत तीन अक्षरं रंगवली : यू, एच, एच. त्या काळातले फोटो आजही पाहायला मिळतात. चाळीच्या दारात पाइप धरून उभी असलेली माणसं, आणि बाजूला स्वतःच्याच घराकडे परक्यासारखी बघणारी कुटुंबं. आगीचा बंब स्वयंपाकघरात शिरला तो असा.

स्वयंपाकघर हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. लोकांचा राग केवळ इस्पितळात नेण्याचा नव्हता. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घरोघर तपासणी करत होते, आणि ते बूट घालून स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरतात ही तक्रार पुन्हा पुन्हा होत होती. 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हे आपण शाळेत शिकतो. त्याच वर्षी 10 मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, हेही शिकतो. पण या दोन तारखांच्या मधला महिना-महिन्याचा जो तपशील आहे, म्हणजे चुन्याची बादली, कार्बोलिकचा वास, उचकटलेली कौलं, तो पुस्तकात एका ओळीत संपतो.

मुंबईत तर त्याआधीच ठिणगी पडली होती. 29 ऑक्टोबर 1896 ला हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पालिकेचे कमिशनर स्नो यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला कडक हुकूम काढले होते, त्यांना मग आवर घालावा लागला. आणि इथे मला या सगळ्या कथेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिसते. प्रशासनाला दंग्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती होती ती हलालखोरांची. मुंबईत मैला उचलणाऱ्या पालिका कामगारांना तेव्हा हलालखोर म्हणत. इतर लोकांबरोबर तेही घाबरून शहर सोडून गेले तर मुंबई काही दिवसांत राहण्यालायक उरणार नाही, हे साहेबांना पक्कं कळत होतं. शेठ गेले, वकील गेले, कारकून गेले, शहर तगलं. हलालखोर गेले असते तर ते तगलं नसतं. या माणसांची ताकद मोजायला प्लेग यावा लागला, आणि साथ ओसरल्यावर कुणी त्यांचा पगार त्या मापाने मोजला नाही.

बरं, एवढं धुऊन झालं काय? शत्रूच चुकला होता. प्लेग घाणेरड्या जमिनीतून, दूषित हवेतून, भिंतींतून येतो असं तेव्हाचे साहेब धरून चालले होते. 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं की प्लेग उंदरावरची पिसू पसरवते. कुणी फारसा विश्वास ठेवला नाही. पुढे मुंबईत लिस्टन या डॉक्टरने आणि नंतर परळच्या प्लेग संशोधन मंडळाने लागण झालेल्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्यावर गोळा झालेल्या पिसवा मोजल्या, तेव्हा कुठे ते मान्य झालं. म्हणजे घर धुतल्याने प्लेग थांबत नव्हता. उलट पाण्याच्या माऱ्याने उंदीर शेजारच्या घरात पळाले तर पिसवाही त्यांच्याबरोबर जाणार. गंमत अशी की कपडे-अंथरुणं उकळणं किंवा वाफवणं हा एक उपाय मात्र बरोबर होता. कारण वेगळं समजलं होतं, पण वाफेत पिसू मरते. त्या साथीने पुढच्या काही दशकांत भारतात एक कोटीहून जास्त माणसं नेली.

वाचताना तुम्हालाही 2020 आठवलं असेल. आमच्या सोसायटीत पाठीवर टाकी घेतलेला माणूस यायचा आणि जिन्याच्या कठड्यांवर, लिफ्टच्या बटणांवर, एकदा तर पार्किंगमधल्या झाडांवरही हायपोक्लोराइट मारून जायचा. आम्ही भाजीची पिशवी गॅलरीत एक दिवस ठेवायचो. मार्चच्या अखेरीस बरेलीत गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक मारलं, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की रस्त्यांवर फवारणी निरुपयोगी आहे आणि माणसांवर तर कधीच करू नये. आजार मुख्यतः श्वासातून पसरत होता, आणि आपण कठडे पुसत होतो. एकशे चोवीस वर्षांनंतर हत्यार बदललं, नेम तसाच राहिला. दिसतं ते धुवायचं. मात्र यातून घर 'सॅनिटाइज' करून घ्यायची सवय लागली, आणि साथ संपली तरी ती राहिली. ॲपवर डीप क्लीनिंगचा स्लॉट बुक करताना आपल्या डोक्यात थोडा डाग असतो आणि थोडी ती भीती असते.

वसई-विरारमध्ये मात्र या कामाला आणखी एक कारण आहे, आणि ते नळातून येतं. किंवा येत नाही.

1990 मध्ये या पट्ट्याचं नियोजन सिडकोकडे गेलं आणि भातशेतीवर इमारती उगवू लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती तेव्हा हेच ओरडून सांगत होती की पाणी कुठून आणणार. गावात बावखलं होती, म्हणजे गोड्या पाण्याची छोटी तळी. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या त्यांवर जगायच्या. बरीचशी बुजली. 2009 मध्ये चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं एकत्र करून महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाख 22 हजार भरली. पापडखिंड, पेल्हार, उसगाव आणि सूर्या या धरणांवर ही सगळी भिस्त. 2023 च्या अखेरीपासून सूर्याच्या नव्या योजनेचं पाणी यायला लागलं, तोवर हजारो घरांचं गणित बोअरवेल आणि टँकरवर होतं. अनेकांचं अजूनही आहे.

बोअरचं पाणी जड, समुद्राजवळ तर मचूळ. त्यातला कॅल्शियम टाइल्सवर, नळांवर, शॉवरच्या भोकांत पांढरा थर बनून बसतो. तुमच्याकडे असेल तर तुम्हाला माहीत आहे, घासून तो जात नाही. आता इथे जाहिरात आणि रसायनशास्त्र यांच्या वाटा वेगळ्या होतात. वाफ तेल सैल करते, फटीतली काळी बुरशी उपटते, कोपऱ्यातला साबणाचा मेण्या थर सोडवते. पण क्षाराचा थर वाफेने विरघळत नाही. त्याला आम्लच लागतं, मग ते चिंच असो, लिंबूफूल असो की बाटलीतलं ॲसिड. आपल्या आज्या तांब्याचा बंब चिंचेने का घासायच्या, याचं हेच उत्तर. आणि बाटलीतलं ॲसिड वापरलंत तर त्यात ब्लीच कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो छातीत भरतो.

वाफेच्या बाजूने एक गोष्ट मात्र नक्की बोलते. पाणी. असल्या यंत्राची टाकी लिटर-दीड लिटरची असते, आणि तेवढ्यात बाथरूमचा बराच भाग होतो. बादल्या ओतून धुण्याच्या तुलनेत हे काहीच नाही. टँकरचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर पिन केलेल्या शहरात याला किंमत आहे. आमच्याकडे आलेल्या मुलाने टाकी भरायला आईकडे फिल्टरचं पाणी मागितलं. आईला वाटलं प्यायला हवंय, तिने तांब्या-भांडं पुढे केलं. तो हसून म्हणाला, "मला नको काकू, मशीनला. बोअरचं पाणी टाकलं की बॉयलर चोक होतो." विरारमध्ये माणसं जे पाणी अंगावर घेतात ते यंत्राला चालत नाही.

त्याचं काम मी बघत बसलो. ग्रॅनाइटच्या ओट्यावर वाफ चालते, पण ओट्याच्या कडेच्या सिलिकॉनवर नोझल धरून ठेवलं की ते मऊ पडून सुटतं. प्लायवुडच्या कपाटांना वाफ लावायची नाही, फुगतात. नोझल टाइलपासून दोन बोटांवर धरायचं, कारण आत बॉयलरमध्ये 140 अंश असले तरी बाहेर पडल्यावर वाफ काही सेंटिमीटरमध्येच थंड व्हायला लागते. वरून झपझप फिरवलेल्या वाफेने डाग जातो, जंतू मरायला मात्र ती एका जागी काही सेकंद थांबावी लागते. हे सगळं त्याला कोखचं नावही न ऐकता माहीत होतं. वयाने माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, नालासोपाऱ्यात चौघांबरोबर एका खोलीत राहणारा. मी त्याला विचारलं, गावी काय सांगितलंयस, काय काम करतोस? म्हणाला, "मशीन ऑपरेटर. खोटं नाहीये ना सर?"

खोटं नव्हतंच. पण हे उत्तर त्याला का तयार ठेवावं लागतं, याला मोठा इतिहास आहे. 1932 मध्ये अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. या ब्राह्मण गांधीवाद्याने तिथे संडास साफ करण्याचं काम मागितलं, आणि तुरुंगाने ते नाकारलं. हे काम विशिष्ट जातीच्या कैद्यांनीच करायचं असा रिवाज होता. अप्पासाहेबांनी उपोषण केलं, त्यांच्या पाठिंब्याला येरवड्यात गांधीजींनीही केलं. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पासाहेब माणसाला मैल्याला हात लावावा लागणार नाही अशा संडासांच्या मागे लागले. ही जुनी गोष्ट वाटते ना? तुरुंगांतली जातीवरून कामाची वाटणी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली ती 3 ऑक्टोबर 2024 ला. मी तेव्हा नोकरीत होतो, लंच ब्रेकमध्ये ती बातमी फोनवर वाचली.

यंत्राने कामाचं नाव बदललं. हलालखोर, भंगी, सफाईवाला, आणि आता 'प्रोफेशनल'. टी-शर्ट आला, रेटिंग आलं. मला हे वरवरचं वाटत नाही. हातात ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसून ॲसिडच्या वाफेत फरशी घासणं आणि उभं राहून नोझल धरणं यांत पाठीचा आणि फुप्फुसांचा फरक आहे. बाथरूमला जात असते असं मानणाऱ्या घरात 'मशीनवाल्या'ला चहा त्याच कपातून मिळतो, तर तोही फरक आहे. पण हा फरक घराच्या उंबऱ्यापर्यंतच येतो. बाथरूमच्या जाळीच्या खाली तो नाही.

एप्रिल 2024 मध्ये आमच्या विरारमध्येच, ग्लोबल सिटी भागात, निवासी वसाहतीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. हाताने मैला साफ करायला माणूस लावण्यावर 1993 पासून बंदी आहे, 2013 च्या कायद्याने ती कडक केली, सुरक्षा साधनांशिवाय गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. टाकीत साचणारा हायड्रोजन सल्फाइड मोजणारं यंत्र तळहातात मावतं आणि बाजारात सहज मिळतं.

काम संपल्यावर त्या मुलाने यंत्र थंड होऊ दिलं, झडप हळूच सैल करून उरलेला दाब सोडला आणि टाकीतलं पाणी जाळीत ओतलं. फरशी चकाकत होती. जाळीतून मात्र पाणी सावकाश जात होतं, म्हणून मी विचारलं, खालचा चेंबर तुंबलाय का बघशील?

"ते आमच्यात नाही येत सर," तो बॅगची चेन लावत म्हणाला. "त्याला दुसरी माणसं येतात. सोसायटीच्या वॉचमनकडे नंबर असेल."

वॉचमनकडे नंबर होता.